‘आपले सत्र संपले आहे’: एका संदेशाचा दिल्लीतील इतिहास

३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, कोविड साथीतील अत्यावश्यक सेवांविषयी स्वतःहून दाखल करून घेतलेल्या प्रकरणात एक सविस्तर आदेश दिला. न्या. धनंजय चंद्रचूड, न्या. एल. नागेश्वर राव आणि न्या. एस. रवींद्र भट यांच्या खंडपीठापुढे लसींच्या किमती, त्यांचा साठा, केंद्र व राज्ये यांच्यातील वाटप असे मोठे प्रश्न होते. त्याच आदेशात ‘कोविन’ संकेतस्थळ वापरताना दिव्यांग व्यक्तींना येणाऱ्या अडचणींचीही नोंद आहे. कॅप्चाला ध्वनिरूप पर्याय नाही, केवळ कळफलकाच्या आधारे संकेतस्थळावर वावरण्याची सोय हवी, या मुद्द्यांच्या सोबतीने तिथे आणखी एक मुद्दा येतो : लसीची वेळ ठरवण्यासाठी अशा वापरकर्त्यांना पुरेसा अवधी मिळावा आणि काम चालू असताना त्यांना आपोआप बाहेर काढले जाऊ नये.

संगणकशास्त्रात याला सत्राची, म्हणजे सेशनची, मुदत संपणे म्हणतात. एरवी हा प्रश्न प्रोग्रामरच्या एका ओळीत मिटतो : किती मिनिटे? वीस, चोवीस की तीस? पण लसीसाठी धडपडणाऱ्या देशात तीच ओळ देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत पोहोचली. ती तिथवर कशी गेली, हे समजून घ्यायचे तर दिल्लीतीलच एका जुन्या खिडकीपासून सुरुवात करावी लागते.

१९८५ साली नवी दिल्लीत रेल्वे आरक्षणाच्या संगणकीकरणाचा प्रायोगिक प्रकल्प सुरू झाला. तोवर आसनांची नोंद हाताने, वह्यांमध्ये होत असे. सीएमसी या सरकारी कंपनीने तयार केलेल्या ‘इम्प्रेस’ या प्रणालीने ती जागा घेतली. १९८६ मध्ये रेल्वेची स्वतःची माहिती-प्रणाली संस्था ‘क्रिस’ दिल्लीत स्थापन झाली. तिने घडवलेली ‘कन्सर्ट’ ही प्रणाली १९९४ मध्ये सिकंदराबादला प्रथम कार्यान्वित झाली आणि १९९९ पर्यंत दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाचही केंद्रे तिने एकमेकांना जोडली गेली.

या व्यवस्थेत ‘सत्र’ ही गोष्ट डोळ्यांना दिसणारी होती. कर्मचारी पाळीच्या आरंभी आपल्या संगणकावर स्वतःची ओळख नोंदवी आणि पाळी संपताच बाहेर पडे. खिडकीपुढच्या प्रवाशाला संगणकाने ओळखण्याची गरज नव्हती. तो समोर उभा होता, हीच त्याची ओळख. अर्ज अपुरा आढळला किंवा सुटे पैसे आणायला तो बाजूला गेला, तर कर्मचाऱ्याला ते दिसे आणि तो पुढच्याला हाक मारी. मुदत केव्हा संपली हे माणूस माणसाकडे पाहून ठरवत होता. वृद्ध प्रवासी चष्मा शोधत असेल, तर तेवढा वेळ थांबणेही त्याच्या हाती होते.

यंत्राच्या बाजूनेही चित्र सोपे होते. १९६१ मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच संगणक अनेकांना एकाच वेळी वापरू देणारी प्रणाली दाखवली. प्रत्येकाने नाव व पासवर्ड देऊन आत येण्याची पद्धत तिथे रुजली. अशा संगणकांना वापरकर्ता तारेने जोडलेला असे. जोडणी आहे तोवर सत्र आहे. जोडणी तुटली की सत्र संपले. माणूस गेल्याची काही ना काही खूण यंत्राला मिळत होती.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधनसंस्थेत १९८९ ते १९९१ या काळात रचलेल्या वेबने ही खूण पुसून टाकली. ब्राउझर एक पान मागतो, सर्व्हर ते देतो आणि व्यवहार तिथेच पूर्ण होतो. पुढची मागणी आली, की सर्व्हरच्या दृष्टीने ती संपूर्णपणे नवी. संशोधनलेख वाचण्यासाठी ही विस्मृती फार सोयीची होती, कारण तिच्यामुळे एक साधा सर्व्हर असंख्य वाचकांना पुरा पडे. मात्र खरेदी, बँकव्यवहार किंवा तिकिटे यांसाठी, मघाशी आलेला तोच हा, एवढे तरी सर्व्हरला कळायला हवे होते.

१९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली या अभियंत्याने त्यावर कुकीचा उपाय काढला. मंदिराबाहेर पादत्राणे ठेवली की क्रमांकाचा बिल्ला मिळतो, तशीच ही रचना आहे. सर्व्हर ब्राउझरला एक लांबलचक, अंदाज बांधता न येणारा क्रमांक देतो. ब्राउझर प्रत्येक मागणीसोबत तो परत दाखवतो आणि सर्व्हर आपल्या नोंदीत त्या क्रमांकापुढे काय लिहिले आहे ते पाहतो. सत्र म्हणजे हीच नोंद.

बिल्ल्याची उणीवही कुकीत आली. बिल्ला ज्याच्या हातात, त्याला पादत्राणे मिळतात. देणारा चेहरा पाहत नाही. सायबर कॅफेत एकजण आपली टपालपेटी उघडी ठेवून उठला, तर त्याच खुर्चीत बसणाऱ्या पुढच्या माणसाला ती आयती उघडी मिळे. २०१० मध्ये ‘फायरशीप’ नावाच्या एका छोट्या साधनाने दाखवून दिले, की खुल्या वायफायवर शेजारी बसलेल्याच्या कुकी टिपून त्याच्या नावाने संकेतस्थळांवर वावरणे किती सोपे आहे. पासवर्ड माहीत असण्याची गरजच नव्हती. बिल्ला पुरेसा होता.

म्हणून बिल्ल्याला मुदत हवी. वापरकर्ता निघून गेल्याचे वेब सांगत नसल्याने सर्व्हरकडे एकच साधन उरते, ते म्हणजे घड्याळ. बराच वेळ मागणी आली नाही, तर माणूस गेला असावा, असे तो धरून चालतो. मुदतीमागे काटकसरीचेही कारण होते. प्रत्येक जिवंत सत्र सर्व्हरच्या स्मृतीत जागा अडवते. सोडून दिलेली सत्रे झाडून काढली नाहीत, तर नव्यांना जागा उरत नाही.

ही मुदत किती मिनिटांची असावी, याचा अभ्यास फार थोड्या ठिकाणी झाला. बहुतेकांनी साधनासोबत आलेला आकडा तसाच राहू दिला. मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेटमध्ये तो २० मिनिटे होता, टॉमकॅट या जावा सर्व्हरमध्ये ३० मिनिटे, तर पीएचपीमध्ये १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे. उत्पादकाने सोयीसाठी ठेवलेले हे आकडे पुढे लक्षावधी लोकांच्या अर्जांची, परीक्षा-नोंदणीची आणि तिकिटांची वेळमर्यादा होऊन बसले.

मुदत संपल्याचे सर्व्हरला नेमके कसे कळते? त्यासाठी दोन घड्याळे असतात. पहिले निष्क्रियतेचे. शेवटची मागणी येऊन किती वेळ झाला ते मोजते आणि प्रत्येक नव्या मागणीला शून्यावर येते. दुसरे एकूण वयाचे. वापर चालू असो वा नसो, सत्र सुरू झाल्यापासूनचा काळ मोजत राहते. चोराने बिल्ला हस्तगत करून सतत वापरला, तर पहिले घड्याळ कधीच थांबत नाही. त्याला दुसरेच आवरते. काही प्रणालींत सर्व्हर नोंदवही ठेवतच नाही. मुदतीची वेळ टोकनवरच लिहून त्यावर गणिती मोहोर उमटवली जाते. २०१५ मध्ये प्रमाणित झालेला जेडब्ल्यूटी हा त्यातला प्रसिद्ध प्रकार. मोहोर खरी आहे ना आणि वेळ टळली नाही ना, एवढेच सर्व्हर तपासतो. अशा टोकनाला मुदतीआधी बाद करणे अवघड असल्याने त्याचे आयुष्य मुद्दाम थोडे ठेवतात.

दोन्ही पद्धतींत एक आंधळी जागा आहे. मोठा अर्ज भरणारा माणूस पंचवीस मिनिटे एकाग्रतेने टंकत असतो. ती अक्षरे त्याच्या ब्राउझरमध्ये साठत असतात. सर्व्हरकडे त्यातले काहीच जात नाही. स्वतःच्या लेखी तो पूर्ण वेळ कामात आहे, तर सर्व्हरच्या लेखी तो पंचवीस मिनिटांपूर्वीच उठून गेला आहे. शेवटी तो ‘सादर करा’ हे बटण दाबतो आणि तेव्हा दोन्ही समजुतींची गाठ पडते. बेफिकिरीने लिहिलेल्या प्रणालीत सर्व्हर त्याला सरळ लॉगिनच्या पानावर पाठवतो आणि पाठवलेला अर्ज वाटेतच नाहीसा होतो. संगणक वापरायला ज्याला जास्त वेळ लागतो, त्याच्या वाट्याला हा प्रसंग जास्त वेळा येतो. पडद्यावरचा मजकूर ध्वनिरूपात ऐकत पुढे जाणारी दृष्टिहीन व्यक्ती, एका बोटाने टंकणारे आजोबा, सावकाश इंटरनेट असलेले गाव, या सर्वांना घड्याळ ‘अनुपस्थित’ ठरवते.

दिल्लीतील खिडकी वेबवर आली, तेव्हा रेल्वे आरक्षणात हा प्रश्न रोजचा झाला. ३ ऑगस्ट २००२ रोजी आयआरसीटीसीने इंटरनेटवरून तिकीटविक्री सुरू केली. आरंभी छापील तिकीट कुरिअरने घरी येई. २००५ मध्ये ई-तिकीट आले. १९९७ मध्ये सुरू झालेली तत्काळ योजनाही या संकेतस्थळावर आली आणि ठरलेल्या एका क्षणी देशभरातील प्रवासी एकाच दारावर येऊ लागले. सणासाठी गावी निघालेला दिल्लीतील विद्यार्थी आणि दिल्लीला निघालेला विदर्भातील विद्यार्थी एकाच सेकंदाला तेच बटण दाबत होते. २०१४ च्या एप्रिलमध्ये नवी प्रणाली आली, तेव्हा मिनिटाला सुमारे २,००० तिकिटांची क्षमता ७,२०० वर नेण्यात आली.

क्षमता वाढली तरी माणूस आणि यंत्र यांच्यातला फरक ओळखण्याचा प्रश्न राहिला. दलालांची स्वयंचलित साधने प्रवाशांची माहिती क्षणार्धात भरत. म्हणून तत्काळच्या गर्दीच्या वेळेत एका सत्रात एकच तिकीट, असा नियम झाला, आणि प्रवाशांची माहिती भरण्याच्या पानासाठी किमान २५ सेकंदांची अट आली. त्याहून लवकर पान पुढे सरकले, तर समोर माणूस नसावा, असे मानायचे. सत्राला आता दोन्ही बाजूंनी कुंपण पडले. फार मंद असणाऱ्याला घड्याळ अनुपस्थित ठरवी आणि फार जलद असणाऱ्याला यंत्र ठरवी. खिडकीवरचा कर्मचारी एका नजरेत जे ओळखी, त्यासाठी सर्व्हरकडे सेकंद मोजण्यापलीकडे फारसे काही नव्हते.

२८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता कोविनवर १८ ते ४४ वयोगटासाठी नोंदणी खुली झाली. पहिल्याच दिवशी १ कोटी ३० लाखांच्या आसपास लोकांनी नोंदणी केली. दिल्लीत त्या आठवड्यांत रुग्णालये भरलेली होती. लसीची एक वेळ मिळणे ही बहुतेक घरांतली सर्वांत निकडीची गोष्ट होती. कोविनवर प्रवेश मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने होई आणि त्या प्रवेशाची मुदत १५ मिनिटांची होती. लस फारच थोडी असल्याने केंद्रांवरच्या वेळा उघडताच संपत. लोक पान पुन्हा पुन्हा उघडत बसत. नेमकी वेळ दिसू लागली की मुदत संपलेली असे. मग पुन्हा मोबाइल क्रमांक, पुन्हा ओटीपीची वाट आणि तोवर ती वेळ दुसऱ्या कुणाकडे गेलेली.

मुदत थोडी ठेवण्यामागे कारण होते. कोविनमध्ये नागरिकांची ओळखपत्रे व आरोग्यविषयक नोंद होती आणि एकेका मोबाइलवर घरातल्या अनेकांची नावे नोंदलेली असत. सुरक्षेच्या बाजूने १५ मिनिटे हा आकडा गैर म्हणता येत नाही. पण टंचाईत प्रत्येक सेकंदाला मोल येते, आणि मग सुरक्षेसाठी लावलेले घड्याळ वाटपाचा निकष होऊन बसते. ज्याची बोटे जलद, ज्याचा मोबाइल चांगला, ज्याला इंग्रजी वाचता येते, त्याला लस आधी. पहिले काही आठवडे या वयोगटाला ऑनलाइन वेळ घेण्याखेरीज दुसरा मार्गही नव्हता. केंद्रावर जाऊन नोंदणीची मुभा २४ मे रोजी, तीही सरकारी केंद्रांपुरती, मिळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशातील डिजिटल दरीची चर्चा या पार्श्वभूमीवर वाचायला हवी. आपोआप बाहेर काढले जाण्याचा मुद्दा त्यात आला, तो याच कारणाने.

न्यायालयाने नोंदवलेल्या या अडचणीचे उत्तर तंत्रज्ञांच्या जगात आधीच लिहिलेले होते. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत यासाठीची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे डिसेंबर २००८ मध्ये नव्या रूपात प्रसिद्ध झाली. त्यांच्या सर्वांत मूलभूत, म्हणजे ‘अ’ पातळीच्या निकषांत वेळेविषयी एक निकष आहे. मुदत बंद करण्याची किंवा बरीच वाढवण्याची सोय देता येत नसेल, तर ती संपण्याआधी सूचना द्यावी, एखादी साधी कळ दाबून मुदत वाढवण्यासाठी किमान २० सेकंद द्यावेत आणि अशी वाढ किमान दहा वेळा मिळावी. लिलावासारख्या प्रत्यक्ष वेळेत चालणाऱ्या घटनांना यातून सूट आहे. दुसरा निकष अधिक महत्त्वाचा आहे. सत्र संपले तरी, पुन्हा ओळख पटवल्यावर वापरकर्त्याला आपले काम, माहिती न गमावता, पुढे चालू ठेवता आले पाहिजे.

हा दुसरा निकष मात्र ‘अअअ’ या सर्वोच्च, ऐच्छिक समजल्या जाणाऱ्या पातळीवर ठेवला गेला. भारतीय शासकीय संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम २००९ मध्ये आली. २०२३ ची त्यांची तिसरी आवृत्ती या आंतरराष्ट्रीय तत्त्वांच्या ‘अअ’ या मधल्या पातळीची अपेक्षा करते. सूचना देण्याचा नियम त्या अपेक्षेत बसतो. लोकांचे भरलेले काम सांभाळण्याचा नियम तिच्या एक पायरी वर राहतो. सर्वसामान्य नागरिकाला ज्याची झळ सर्वांत जास्त लागते, ते त्या पायरीवर अडकले आहे.

तांत्रिकदृष्ट्या ही पायरी फार उंच नाही. मुदत संपल्यावर सर्व्हरने मुकाट्याने लॉगिनचे पान पाठवण्याऐवजी, ओळख पटलेली नाही असे सांगणारा ४०१ हा ठरलेला संकेत पाठवावा. ब्राउझरमधील प्रोग्रामने तो ओळखून भरलेला अर्ज आहे तसा ठेवावा, त्यावरच ओळख विचारावी आणि ती पटल्यावर अर्ज पुन्हा पाठवावा. लांब अर्जांचा कच्चा मसुदा अधूनमधून सर्व्हरवर, त्या व्यक्तीच्या खात्यात साठवावा. सार्वजनिक संगणकाच्या ब्राउझरमध्ये तो ठेवू नये, कारण तिथे पुढचा माणूस तो वाचू शकतो. परत आलेली व्यक्ती तीच आहे ना, हे तपासावे. दुसऱ्याने लॉगिन केले तर आधीच्याचा मसुदा त्याला दिसता कामा नये. पैशांचा व्यवहार असेल तर प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक द्यावा, म्हणजे तीच विनंती दोनदा पोहोचली तरी पैसे एकदाच कापले जातात.

२०२५ च्या अखेरीस हाच विषय दिल्लीत पुन्हा चर्चेला आला. २८ नोव्हेंबर २०२५ रोजी दूरसंचार विभागाने व्हॉट्सअ‍ॅप, टेलिग्राम, सिग्नल यांसारख्या संदेशसेवांना निर्देश दिले, की त्यांच्या वेब आवृत्तीतील वापरकर्त्याला जास्तीत जास्त सहा तासांनी बाहेर काढावे आणि क्यूआर कोडने पुन्हा जोडून घ्यावे. त्यासाठी ९० दिवसांचा अवधी देण्यात आला. विभागाचे म्हणणे असे, की दीर्घकाळ चालू राहणाऱ्या सत्रांमुळे दूरवर बसलेला ठग मूळ मोबाइल किंवा सिम हाती नसतानाही दुसऱ्याचे खाते चालवू शकतो. हे दुसऱ्या, एकूण वयाच्या घड्याळाचे उदाहरण आहे. चोरलेल्या बिल्ल्याचे आयुष्य त्याने नक्कीच घटते. त्याची किंमत दिवसभर संगणकावर संदेश पाहणाऱ्या दुकानदाराने, कार्यालयाने भरायची आहे. डिजिटल फसवणुकीत आयुष्याची पुंजी गमावलेल्या माणसाला ही किंमत क्षुल्लक वाटेल. कामाच्या मध्यात बाहेर फेकल्या गेलेल्याला ती तशी वाटणार नाही.

या दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, कारण मुदत संपताना दोन वेगळ्या गोष्टी घडतात. एक, सर्व्हर माणसाची ओळख विसरतो. दोन, तो माणसाचे काम विसरतो. पहिली विस्मृती सुरक्षेसाठी आवश्यक आहे आणि काही ठिकाणी ती आजच्यापेक्षा लवकरही यायला हवी. दुसरीने कोणाचीच सुरक्षा वाढत नाही. बहुतेक वेळा ती केवळ रचनेतल्या आळसातून येते. मंदिराबाहेरचा बिल्ला संध्याकाळनंतर बाद झाला, तरी सांभाळणारा पादत्राणे रस्त्यावर फेकत नाही. तो खात्री करून घेतो आणि ती परत देतो.

गुरुग्राम आणि नोएडाच्या इमारतींत, पुण्यात, बेंगळुरूत आज जे विद्यार्थी अशा प्रणाली लिहायला शिकत आहेत, त्यांच्यापुढे मुदतीचा आकडा भरण्याची ती ओळ कधीतरी येईलच. आकडा १५ असो वा ३०, त्याच्या पुढच्याच ओळीत मुदत संपल्यावर काय करायचे ते लिहावे लागते. १९८५ च्या खिडकीवरचा कर्मचारी बाजूला गेलेल्या प्रवाशाचा अर्धा भरलेला अर्ज फाडून टाकत नव्हता. त्याच्याइतकी समज सर्व्हरला देणे त्या पुढच्या ओळीवर अवलंबून आहे.